दारातल्या यमूताई

यमूताईंना एक वाक्य पुरायचं. बेल एकदाच वाजवायच्या. दार उघडलं की डोक्यावरची टोपी काढून काखेत धरायच्या, समोरच्या माणसाचं नाव विचारून खात्री करून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "तुमचे मिस्टर वारले. अपघात झाला. आता खाली बसा." संपलं. प्रस्तावना नाही, आडवळण नाही, घसा खाकरणंसुद्धा नाही. समोरची बाई खाली बसायच्या आत तिच्या संसाराचं वाटोळं झालेलं असायचं आणि यमूताई तिच्याकडे सरळ बघत उभ्या असायच्या. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मनात म्हटलं, ही बाई आहे की कसाई?

कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यातल्या आमच्या पोलीस स्टेशनात त्या हवालदार होत्या. माणूस गाडीखाली येवो, खाडीत बुडो नाहीतर गळफास घेवो, त्याच्या घरी कळवायला कोणालातरी जावं लागतं. हे काम आमचे पुरुष हवालदार फार प्रेमाने बायकांकडे सरकवायचे. "बाईमाणूस कसं, नीट समजावून सांगतं," असं म्हणायचे. खरं कारण एवढंच की त्या दारात उभं राहायला यांची टरकायची. आणि ज्या बाईच्या जिवावर यांची सुटका होत होती, तिलाच यांनी नाव ठेवलेलं यमू. यमाची दूत म्हणून. तोंडावर 'ताई' जोडायचे, एवढीच काय ती लाज. त्यांना सगळं ठाऊक होतं. "यमू तर यमू," त्या म्हणायच्या, "रेड्यावर तर बसवत नाय ना? डिपार्टमेंटची जीप मिळते."

मी डोंबिवलीची. वडील वागळे इस्टेटमध्ये कंपनीत होते, गाव साताऱ्याकडचं, घरात पोलीस असा कोणी नाही. भरती होऊन ट्रेनिंग संपवून आलेले तेव्हा माझ्या डोक्यात पोलीस म्हणजे बुलेटवरून जायचं आणि कॉलेजच्या कोपऱ्यावरच्या टवाळांना दोन लावायच्या. पहिल्याच आठवड्यात मला यमूताईंच्या हाताखाली दिलं आणि माझी बुलेट थेट शवागाराच्या दारात जाऊन उभी राहिली.

पहिल्या घरी मी रडले. एक म्हातारे काका होते, त्यांची सून गेलेली. काका दाराची चौकट धरून उभे राहिले आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा सुरू झालं. जीपमध्ये बसल्यावर यमूताईंनी विचारलं, "तुझं कोण मेलं गो?" मी म्हटलं, कोणी नाही. "मग रडलीस कशाला? त्या म्हाताऱ्याने स्वतःचं सोडून तुला पाणी आणून दिलं. लाज नाय वाटली प्यायला? रडायचं तर स्टेशनच्या बाथरूममध्ये रड. त्यांच्या घरात आधीच पुरेसं आहे, त्यात तुझं कशाला ओततेस?" मी त्या रात्री आईला सांगितलं, मी नोकरी सोडते. आई म्हणाली, महिनाभर बघ. मी बघितलं आणि अडकले.

त्यांचे नियम होते आणि ते मोडले की त्या चारचौघांत सालटी काढायच्या. 'गेले' म्हणायचं नाही, कारण घाबरलेला माणूस विचारतो, कुठे गेले? 'वारले' म्हणायचं. 'धीर धरा' म्हणायचं नाही, "तुझ्या बापाचं काय जातंय धीर धरायला सांगायला?" त्या घरात पाणी-चहा घ्यायचा नाही. आणि सांगून झालं की पहिलं स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद करायचा, कारण कुकर लावलेला असतो आणि तो कोणाच्याही लक्षात राहत नाही. हे मला ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवलं नव्हतं. मग नातेवाईक येईपर्यंत त्या तिथून हलायच्या नाहीत. म्हातारीच्या साखरेच्या गोळ्या शोधून द्यायच्या, शेजारणीला बोलवायच्या, पोरांना दुसऱ्या खोलीत बसवायच्या. बोलायच्या मात्र काही नाहीत. लोकांना वाटायचं, ही अजून का बसलीये, हिला काय हवंय? एकदा एकाने पैसे काढले द्यायला. यमूताईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की बिचाऱ्याने पाकीट उलटंच खिशात घातलं.

सगळ्यात मोठा नियम होता, 'ॲडमिट आहे' म्हणायचं नाही. बाकी सगळं खातं तेच म्हणतं. "तुमचे मिस्टर ॲडमिट आहेत, सिरियस आहेत, चला आमच्याबरोबर." मग गाडीत घालून आणायचं, हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला न्यायचं आणि शवागाराचं दार उघडल्यावर त्यांचं त्यांना कळतं. सोपं काम. यमूताईंना त्याची किळस होती.

आमचा कदम हवालदार एका बाईला असाच घेऊन आला. तिने वाटेत विचारलं, "ते जेवू शकतात का?" कदम म्हणाला, "हो, पातळ काहीतरी द्या." तिने गाडी थांबवून दुकानातून तांदळाची कणी घेतली, पेज करायला. ती पुडी हातात घेऊन ती शवागारात उभी राहिली. यमूताईंनी हे ऐकलं आणि भर स्टेशनात कदमला धरलं. "पातळ काहीतरी? मेलेल्या माणसाला? काय रे, तूच भरवणार होतास का चमच्याने?" कदम म्हणाला, "ताई, मी तिला तासभर सुखात ठेवलं." त्यावर त्या म्हणाल्या, "तो तास आता तिला जन्मभर पुरेल. रोज रात्री ती कणी निवडत बसेल." कदम महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हता. मला आनंद झालेला, खोटं कशाला बोलू.

या सरळपणामागे काहीतरी घडलेलं असणार, असं सगळ्यांना वाटायचं. कोणी म्हणायचं, नवऱ्याच्या वेळी त्यांना असंच फसवलं. नवरा तर टुणटुणीत होता, फक्त दुसरीकडे राहायचा. मी एकदा हिंमत करून विचारलं. "खरं बोलायला कारण लागतं का गो?" म्हणाल्या. "खोटं बोलणाऱ्याला विचार ना. त्याला कोणी विचारत नाय."

पण सरळपणा सगळीकडेच वापरला की तो दुखतोच. नवऱ्याने मारलेली एक पोरगी तक्रार द्यायला आलेली, डोळा सुजून बंद झालेला. यमूताईंनी विचारलं, "परत जाणार आहेस त्याच्याकडे?" पोरगी म्हणाली, जावं लागेल. "मग माझी शाई फुकट घालवू नकोस. घरी जा, दुसरा डोळा सुजला की ये." ती गेली. परत आली नाही. कशामुळे आली नाही ते देव जाणे. मी यमूताईंना म्हटलं, तुम्ही चुकलात. त्या म्हणाल्या, "असेन." आणि त्यानंतर आठवडाभर ड्युटी संपल्यावर त्या पोरीच्या चाळीखालून चक्कर मारून घरी जायच्या. हे त्यांनी मला सांगितलं नाही, चहावाल्याने सांगितलं.

माहेर त्यांचं डोंबिवलीजवळच्या गावातलं, इथलंच. एकेकाळी भातशेती, आता तिथे टॉवर उभे आहेत. भाऊ बिल्डरांबरोबर उठबस करणारे, दारात मोठमोठ्या गाड्या. त्यांना या बहिणीची शरम वाटायची. "आपल्या घरची पोर लोकांची मढी बघत फिरते," असं भाऊ उघड म्हणायचा. भाच्याच्या हळदीला यमूताई ड्युटीवरून परस्पर गेल्या, वर्दीतच. आमच्या पट्ट्यात या मूळच्या गाववाल्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, डीजे, मंडप, सगळं गाव जेवायला. यमूताई पुढच्या दारात उभ्या राहिल्या आणि आतून एक बाई किंचाळली. तिच्या नवऱ्याचं कळवायला वर्षापूर्वी याच गेलेल्या. डीजे बंद पडला. घरातला प्रत्येकजण आपलं माणूस कुठे आहे ते बघायला लागला. भाऊ बाहेर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, तू मागच्या दाराने ये बरं. आणि हे कपडे काढून ये."

त्या गेल्याच नाहीत. तिथून स्टेशनला आल्या, माझ्या डब्यातली चपाती-भाजी खाल्ली आणि म्हणाल्या, "भाजीत मीठ नाय." मग डबा धुऊन आल्यावर: "एकदा खांद्यावर स्टार लागू दे. मग पुढच्या दाराने जाईन. बघू कोण अडवतो." सहायक फौजदाराच्या बढतीच्या यादीत त्यांचं नाव लागायची वेळ आलेली. निवृत्तीही जवळ होती. आयुष्यात त्यांनी मागितलेली मी ऐकलेली ही एवढी एकच गोष्ट.

मोठ्या साहेबांनाही हे माहीत होतं. यमूताईंच्या तोंडाबद्दल लोक कुरकुरायचेच. साहेबांनी एकदा बोलावून स्पष्ट सांगितलं, माझ्यादेखत. "ताई, यादी वर गेलीये. रेकॉर्ड साफ पाहिजे. तुमच्या या सांगण्याच्या पद्धतीवर एक लेखी तक्रार आली, एकच, तर स्टार विसरा. काय बिघडतं 'ॲडमिट आहे' म्हटलं तर?" यमूताई म्हणाल्या, "सर, बघते." बाहेर आल्यावर मी म्हटलं, ताई, थोडे दिवस ऐका ना त्यांचं. स्टार लागेपर्यंत तरी. "मग त्या थोड्या दिवसांत मरणाऱ्यांनी काय पाप केलंय?" म्हणाल्या. काय बोलायचं अशा बाईशी?

आणि मग तो दिवस आला.

सकाळी एक मोटारसायकलवाला ट्रेलरच्या चाकाखाली गेला. चेहरा राहिलाच नव्हता. गाडी नितीन नावाच्या मुलाच्या नावावर, पत्ता टिटवाळ्याचा. जाकिटाच्या खिशात त्याच नितीनचं लायसन. लायसनवरचा फोटो जुना, पण बांधा तोच, केस तसेच. गाडीच्या नोंदीत मोबाईल नंबर होता, तो मी लावला. रिंग जात होती, कोणी उचलत नव्हतं. मी यमूताईंना सांगितलं, रिंग जातेय. त्या म्हणाल्या, "रस्त्यात पडलेला फोन कोणीतरी उचलला असेल. असे लोक उचलतात आणि गप्प बसतात." हे खरंही होतं. आम्ही शंभरदा बघितलेलं.

साहेब म्हणाले, "ओळख पटेपर्यंत ॲडमिट म्हणा आणि घरच्यांना घेऊन या." यमूताई म्हणाल्या, "टिटवाळ्याच्या चौकीवरून विचारलं, घरी एकटी म्हातारी आहे सर. तिला आशा लावून शवागारात नेऊ आणि त्या चिंधड्या दाखवू? गाडी त्याची, जाकीट त्याचं, लायसन त्याचं. अजून काय ओळख पाहिजे?" साहेबांनी हात झटकले. मला तेव्हा यमूताईंचंच पटलं. आजही विचारलं तर मी सांगेन की त्या घडीला ते पटण्यासारखंच होतं.

टिटवाळ्याला नवीन बिल्डिंग होती, लिफ्ट अजून चालू झालेली नव्हती. आम्ही चौथ्या मजल्यावर चढलो. बेल एकदाच वाजली. नितीनच्या आईने दार उघडलं. बारीक चणीची, कोकणातली बाई, कपाळ मोकळं, हात पिठाचे. यमूताईंनी टोपी काढली, नाव विचारलं, मुलाचं नाव विचारलं आणि म्हणाल्या, "तुमचा मुलगा वारला. गाडीचा अपघात झाला. आता खाली बसा."

ती बसली नाही. रडलीही नाही. आमच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "या ना आत. पहिल्यांदाच आलात. चहा टाकते." यमूताई म्हणाल्या, "नको काकू, तुम्ही बसा." "नको कसं? नितीन ओरडेल मला, घरी आलेल्या माणसांना तसंच पाठवलंस म्हणून." आणि ती आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. यमूताई तिच्या मागोमाग आत गेल्या, मी त्यांच्या मागे. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. "साखर चालते ना दोघींना?" तिने विचारलं, आणि तशीच खाली कोसळली. डबा फुटून साखर फरशीभर झाली. यमूताईंनी सवयीने आधी गॅस बंद केला, मग तिला धरलं.

शेजाऱ्यांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चार मजले खाली उतरवलं. जीपमध्ये तिचं डोकं यमूताईंच्या मांडीवर होतं. त्या तिच्या छातीवर हात ठेवून दाबत होत्या आणि ड्रायव्हरला अशा शिव्या घालत होत्या की मी तशा शिव्या कैद्यांच्या तोंडूनही ऐकल्या नाहीत. कल्याणला पोचलो. डॉक्टरने बघितलं आणि मान हलवली.

आम्ही दोघी हॉस्पिटलच्या बाकावर बसलेलो. यमूताईंच्या वर्दीला पीठ लागलेलं. माझा फोन वाजला. "हॅलो, या नंबरवरून सकाळपासून मिस्ड कॉल आलेत. कोण बोलतंय? मी नितीन."

फोन मी तसाच यमूताईंच्या हातात दिला. त्यांनी पूर्ण नाव विचारलं. पत्ता विचारला. आईचं नाव विचारलं. तो पलीकडून सांगत होता, मला ऐकू येत होतं. वागळे इस्टेटच्या कंपनीत तो डबल शिफ्टला थांबलेला. कंपनीत मोबाईल गेटवर जमा करावे लागतात. गाडी आणि जाकीट त्याने मित्राला दिलेलं घरी जायला. मित्र आंबिवलीचा. "काय झालं मॅडम? गाडी पकडली का?" त्याने विचारलं.

मी यमूताईंच्या तोंडाकडे बघत होते. आता ते एक वाक्य येणार, असं मला वाटलं.

"तुझी आई ॲडमिट आहे," यमूताई म्हणाल्या. "ये."

त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. फोन परत देऊन त्या वर्दीवरचं पीठ झटकायला लागल्या.

मी स्टेशनला कळवलं, तेव्हा कदम आला. त्याच्यानंतर थोड्या वेळाने नितीन धावत आला. कोणाची तरी गाडी मागून आणलेली, हेल्मेट अजून हातात होतं. यमूताई पॅसेजच्या दारात उभ्या होत्या. टोपी काढलेली. "तुझी आई वारली," त्या म्हणाल्या. "मघाशी फोनवर मी खोटं बोलले. अपघातात तू मेलास असं आम्हाला वाटलं. मी तुझ्या आईला तसं सांगितलं आणि ती पडली. चूक माझी आहे, खात्याची नाय." पोराला काही उमजेना. त्याने पुन्हा सांगायला लावलं. यमूताईंनी पुन्हा सांगितलं, तेच, तसंच, एकही शब्द मऊ न करता.

तो भिंतीला टेकला. मग त्याने विचारलं, "पण तिला कळलं ना? मी आहे ते? शेवटी तरी कोणी सांगितलं ना तिला?"

अख्खा पॅसेज यमूताईंकडे बघायला लागला. डॉक्टर, नर्स, कदम, मी. कदम नितीनच्या मागे उभा राहून यमूताईंना मान हलवून खुणावत होता, हो म्हणा, हो म्हणा. मी मनातल्या मनात हात जोडले. अहो, म्हणा ना हो! एक शब्द. कोणाचं काय जातंय? कोण तपासायला येणार आहे? ती तर गेली.

"नाही," यमूताई म्हणाल्या. "तिला कळलं नाही."

त्याने त्यांच्या कानाखाली मारली. मग दुसरी. ओठ फुटला. त्यांनी हात वर केला नाही, तोंडही फिरवलं नाही. कदमने त्याला मागून आवळलं आणि ओढत नेलं.

स्टेशनात साहेबांनी दार लावून घेतलं. आत यमूताई आणि मी. साहेब वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. त्यांनी हिशोब स्वच्छ मांडला. "ताई, वर्दीतल्या बाईला मारलंय, दहा जणांनी बघितलंय. सरकारी नोकरावर हल्ला. तुम्ही फक्त जबाब द्या, मी त्याला आत टाकतो. मग तो उद्या काही लिहून द्यायला गेला तरी लोक म्हणतील, सूड म्हणून लिहितोय. तुमचा स्टार वाचेल. नाहीतर त्याने आज तक्रार दिली की तुम्ही संपलात. आलं लक्षात?"

यमूताई ओठाला रुमाल लावून बसलेल्या. म्हणाल्या, "आईला अग्नी कोण देणार मग?"

"जामीन होईल हो दोन दिवसांत."

"आणि दोन दिवस ती बर्फात? नाय सर. त्याने हवालदाराला नाय मारलं. मला मारलं. गुन्हा नाय."

"तो तक्रार देईल, ताई."

"देऊ दे. त्याने नाय दिली तर मी लिहून देते. तुम्ही थांबा म्हणालेलात, मी थांबले नाय."

आणि त्यांनी खरंच लिहून दिलं. नितीनने काहीच दिलं नाही. त्याला आईचं करायचं होतं. तो घरी गेला, आणि यमूताईंनी स्वतःच्या हाताने स्वतःचा स्टार घालवला. त्याच संध्याकाळी आंबिवलीला त्या खऱ्या मेलेल्या मुलाच्या घरी कळवायला कोणीतरी जायला हवं होतं. कदम गेला. 'ॲडमिट आहे' म्हणाला. त्या मुलाच्या वडिलांनी येताना त्याच्यासाठी घरची उशी आणली, हॉस्पिटलची त्याला चालत नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी कदम सगळ्या स्टेशनाला सांगत होता, "बघा, आता तरी पटलं ना? म्हणून म्हणतो, ॲडमिट म्हणावं." मी त्याच्या अंगावर चहाचा कप टाकला. धक्का लागला म्हणाले. धक्काबिक्का काही नव्हता.

यमूताईंची ठाण्याला मुख्यालयात बदली झाली, भांडारात, ढाली आणि हेल्मेटं मोजायला. तिथूनच त्या हवालदार म्हणून निवृत्त झाल्या. निरोपाला शाल, नारळ आणि गार झालेले बटाटेवडे होते. मी मुद्दाम गेले. कोपऱ्यात गाठून विचारलं, "ताई, फोनवर खोटं का बोललात?" मला वाटलं सांगतील, पोरगा हायवेने गाडी चालवत येणार होता म्हणून. मी मनात हे उत्तर तयार करून ठेवलेलं. त्यांनी ते घेतलं नाही. "घाबरले," म्हणाल्या. "कदमसारखीच माझी पण फाटली. त्याला दुसरं नाव देऊ नकोस." मग मी म्हटलं, "मग तिथे हो म्हणायचं होतंत. बिचाऱ्याला बरं वाटलं असतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्याच जुन्या सालटी काढणाऱ्या नजरेने. "त्याची आई घेतली मी. आता तिचं मरणपण खोटं करून देऊ त्याला?" आणि म्हणाल्या, "वडा खा. टाकू नकोस, सरकारी पैशाचा आहे."

काही महिन्यांतच त्या वारल्या. साखर वाढली, पाय काढावा लागला, मग राहिल्या नाहीत. भावाने चौकात श्रद्धांजलीचा मोठा बॅनर लावला, त्यात भावाचा फोटो बहिणीच्या फोटोपेक्षा मोठा होता. तिरडी मात्र भावाच्या घराच्या पुढच्या दारातून निघाली. मी त्या दारात उभी राहून मन भरून रडले. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, बाथरूममध्ये जा. म्हणेनात का. रडणारच होते मी. माझं माणूस होतं ते.

आता त्यांचं काम माझ्याकडे आहे. नव्या आलेल्या पोरी माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला माहीत नाही आणि विचारायचंही नाही.

गेल्या अंगारकीला माझा बंदोबस्त टिटवाळ्याला होता, देवळाच्या रांगेवर. सकाळपासून उभी. रांगेतला एक जण बॅरिकेडपाशी थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. दाढी वाढवलेली, म्हणून ओळखायला वेळ लागला. नितीन.

"तुम्ही होतात ना त्या दिवशी?" त्याने विचारलं. "आमच्या घरी?"

मी हो म्हटलं.

"मामा म्हणतो, जीपमध्ये तिला शुद्ध आलेली. तिला सांगितलं कोणीतरी की नितीन ठीक आहे. ती हसली म्हणे. मावशी पण हेच सांगते, शेजारचे पण. सगळे सांगतात." त्याने बॅरिकेडचा पाईप धरला. "तुम्ही जीपमध्ये होतात. हसली का ती?"

मागचे लोक ढकलत होते. माझ्या जिभेवर 'हो' आलेलं, अगदी टोकावर.

"नाही," मी म्हणाले. "तिला शुद्ध आली नाही. तिला काही कळलं नाही."

त्याने मान हलवली, हळूहळू, पाठीवरचं ओझं खाली ठेवलेला माणूस हलवतो तशी. "वेड लागायची पाळी आलेली," तो म्हणाला. "रोज कोणीतरी येतो आणि तिला हसवतो. मामा तर जीपमध्ये नव्हताच." मग म्हणाला, "त्या दुसऱ्या मॅडम कुठे असतात? मला भेटायचंय त्यांना."

"त्या वारल्या."

त्याचा हात पाईपवरून सुटला. तो त्या हाताकडेच बघत राहिला.

"मी मारलेलं त्यांना," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर."

असू दे, दुःखात होतं तसं, त्यांनी मनावर घेतलं नव्हतं, असं काहीबाही म्हणता आलं असतं. ते खरं की खोटं, मला माहीत नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "मारलेलंत."